कंसमावशी आणि ओढा-सोडा

बहिणीच्या मुलांनी तिचं नाव कंसमावशी ठेवलं, त्यात अर्धा दोष तिच्या कामाचा होता आणि अर्धा स्वभावाचा. कामाचा असा, की ती वेबसाइटचा सगळा कोड स्वतःच्या हाताने लिहायची, आणि त्या कोडात पावलोपावली टोकदार कंस उघडतात आणि मिटतात. थोरल्या भाचीने लहानपणी एकदा खांद्यावरून डोकावून विचारलं होतं, "मावशी, तू दिवसभर नुसते कंसच काढतेस?" स्वभावाचा दोष वेगळा समजावून सांगायला नको. पुराणातला कंस मामा होता आणि ही मावशी आहे, एवढाच काय तो फरक, असं तिचे मेहुणे म्हणत. अर्थात ती खोलीत नसताना.

ती राहायची धाकट्या बहिणीच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि अक्षरं पार पुसून गेलेला कीबोर्ड. तिला अक्षरांची गरज नव्हती. दुसऱ्या कोणी त्या कीबोर्डाला हात लावावा अशी इच्छाही नव्हती. पूर्वी ती एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवायची. छापखाना बसला तेव्हा रद्दीत निघालेलं वेबसाइटवरचं जाडजूड पुस्तक तिने घरी आणलं आणि त्याच्यावर डोकं आपटून आपटून ती विद्या मिळवली. मध्ये एक नवराही होऊन गेला. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर ना?" असं विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. तिने ते काही वर्षं सोसलं आणि एक दिवस "बरोबर नाही" असं सांगून बहिणीकडे आली.

तिची गिऱ्हाइकं सगळी छोटी. कवळ्या बनवणारा, गाद्या भरून देणारा, मोटार शिकवणारा, पोहण्याच्या तलावाची मालकीण. प्रत्येकाला ती एकच गोष्ट सुनावायची: तुमचं काम काय, पत्ता काय, फोन कुठला आणि दुकान कधी उघडं, एवढं पापणी लवायच्या आत दिसलं पाहिजे. बाकी सगळी नाटकं. कवळीवाल्याला पानावर गोल फिरणारा दात हवा होता. "फिरता दात बघून कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार आहे?" असं विचारून तिने त्याला वाटेला लावलं. तलावाच्या मालकिणीला लाटा हलायला हव्या होत्या. तिला सांगितलं, "लाटा तलावात हलू द्या. इथे फोन नंबर स्थिर राहू दे."

लोक मुकाट ऐकत, कारण तिची पानं खरोखरच चटकन उघडत. जुन्यापुराण्या फोनवर आणि रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरसुद्धा. आणि न ऐकून जातात कुठे? पानावरचा एक काना बदलायचा झाला तरी तिच्याच दारात यावं लागायचं. ही दुसरी गोष्ट तिला पहिलीइतकीच आवडायची, पण ते ती बोलून दाखवत नसे.

मग ते नवे एडिटर आले. त्यात कोडबिड काही लिहायचं नसतं. मजकुराचा डबा माउसने उचलायचा, पडद्यावर हवा तिथे ओढत न्यायचा आणि सोडून द्यायचा. झाली वेबसाइट. मावशीने त्या सगळ्या जातीला एकच नाव ठेवलं, 'ओढा-सोडा', आणि ते नाव ती असं उच्चारायची, की ऐकणाऱ्याला वाटावं पाय कशात तरी पडला.

पहिला गेला मोटार शिकवणारा. त्याचं नवं पान मावशीने बहिणीला मुद्दाम वर बोलावून दाखवलं. पडद्यावर एक स्टिअरिंग आलं आणि गरगरा फिरलं. मग एक मोटार डावीकडून उजवीकडे निघून गेली. मग एक हसरी बाई आली, जी कुठल्याही मोटारीत बसलेली नव्हती, आणि तिच्या हनुवटीखाली कुठेतरी फोन नंबर होता.

"छान दिसतंय की," बहीण म्हणाली.

"छान? जरा आत बघ." मावशीने त्या पानाचा कोड उघडला. "हा एक फोन नंबर. त्याच्याभोवती डबा. त्या डब्याभोवती डबा. त्याच्याभोवती आणखी एक, आणि त्याचं काम काय, तर आतल्या डब्यांना धरून बसायचं. एक उशी ठेवायला माणसाने आख्खं गोदाम भाड्याने घ्यावं, तसं आहे हे."

"पण ताई, नंबर लागतो ना?"

"लागतो."

"मग झालं," असं म्हणून बहीण खाली गेली. तिचा कुकर गॅसवर होता.

त्यानंतर गादीवाला गेला. त्याचं पान फोनवर उघडलं की 'मजबूत' हा शब्द मधोमध तुटायचा. वरच्या ओळीत 'आमच्या गाद्या मज' आणि खालच्या ओळीत नुसतं 'बूत'. मावशीने ते भाच्यांना दाखवलं, मेहुण्यांना दाखवलं, दूधवाल्यालाही दाखवलं. गादीवाल्याला मात्र कळवलं नाही. गेलेल्या गिऱ्हाइकाला फुकट सल्ला द्यायला ती काही धर्मादाय दवाखाना नव्हती. मग कवळीवाला गेला, आणि त्याच्या नव्या पानावर दात फिरू लागला. एकेकाच्या नावाने नाक मुरडता मुरडता तिच्याकडे मोजकी पानं उरली, आणि त्यातलं जे तिच्या जिवाभावाचं, ते बूटवाल्यांचं.

बूटवाले म्हणजे अडनिड पायांसाठी बूट शिवणारे कारागीर. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कोणाची टाच शस्त्रक्रियेनंतर बदललेली. अशा पायांसाठी ते लाकडाचा फर्मा, म्हणजे पायाचा साचा, तासायचे आणि त्यावर बूट शिवायचे. लांबलांबची माणसं त्यांच्याकडून बूट मागवत. त्यांच्यासाठी मावशीने एक खास पान लिहिलं होतं. ते छापलं की कागदावर सेंटिमीटरची पट्टी अगदी खऱ्या मापाची उमटायची. माणसाने त्या कागदावर उभं राहायचं, पेन्सिलीने पाय गिरवून घ्यायचा आणि कागद पाठवून द्यायचा. वर ठळक सूचना होती: ही पट्टी आधी घरातल्या पट्टीशी ताडून पाहा. त्या पानावर मावशीचा इतका जीव होता, की ते मधूनच विनाकारण उघडून ती बघत बसायची.

बूटवाल्यांच्या घरात सून आली. ती आधी एका हॉटेलात पाहुण्यांची नोंद करायचं काम करत होती. दुकानात आल्या आल्या तिने गल्ला आवरला, फोन उचलायला सुरुवात केली, आणि एका शुक्रवारी मावशीला फोन लावला.

"मॅडम, उद्या दुकान बंद ठेवतोय. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. तेवढी एक ओळ वेबसाइटवर टाकाल?"

"बदल मेलने पाठवायचे असतात. सोमवारी मी बदल करते."

"पण बंद उद्या आहे."

"मग तुम्ही उशिरा कळवलंत."

एवढं बोलायला जितका वेळ लागला तितक्यात ती ओळ टाकून झाली असती. मावशीला ते माहीत होतं. पण शिस्त म्हणजे शिस्त, आणि शिस्त लावून घ्यायला गिऱ्हाइकं कमी उरली की उरलेल्यांना ती जास्त लावावी लागते. शनिवारी एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला भाड्याच्या गाडीतून घेऊन आला. वेबसाइटवर 'शनिवारी उघडे' असं लिहिलेलं होतं. शटर खाली. म्हातारी कुबडी मांडीवर ठेवून पायरीवर बसून राहिली आणि शेवटी दोघं आली तशी परत गेली. सोमवारी त्या माणसाने फोनवर सुनेला जे ऐकवलं, ते तिने खाली मान घालून ऐकलं. फोन ठेवला आणि तिथेच गल्ल्यावर बसून ओढा-सोडा उघडला. दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ नसते. दिवे लागायच्या आत तिची वेबसाइट उभी राहिली.

मावशीला कळलं तेव्हा ती तडक दुकानात गेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे गल्ला, मागे फर्म्यांनी भरलेल्या फळ्या, आणि खिडकीपाशी बूटवाले मांडीवर कातडं घेऊन बसलेले. सून आत कोणाचं तरी माप घेत होती.

"तुम्ही सुद्धा?" मावशीने उभ्याउभ्याच तोंड सोडलं. "बाकीच्यांचं मी समजू शकते. त्यांना अक्कल नाही. पण तुम्ही हाताने काम करणारे. एकेका पायासाठी लाकूड तासता. तुम्हाला कळायला नको, की एक गोष्ट त्या माणसासाठी म्हणून घडवलेली असते आणि एक ठोकळे जोडून केलेली असते? बाजारातले कारखान्याचे बूट आणि तुमचे बूट, यात जो फरक, तोच हा फरक."

बूटवाल्यांनी दोरा दातांनी तोडला आणि चष्म्यावरून तिच्या पायांकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या पायात काय आहे?"

मावशीने खाली पाहिलं. पायात सपाता होत्या. मोठ्या दुकानात एकावर एक फुकट म्हणून घेतलेल्या, दुसरा जोड बहिणीला दिलेला.

"दर खेपेला बघतो मी," बूटवाले म्हणाले. "माणूस दारातून आला की मला आधी पाय दिसतात. तुमची उजवी टाच आतून झिजते. म्हणजे गुडघा दुखत असणार. दुखतो ना?"

"थोडा."

"इतकी वर्षं तुम्ही आमचं काम करताय. माझ्याकडून एक जोड घेतलात का कधी?"

"तुमचे महाग पडतात," मावशी म्हणाली. "आणि किती दिवस थांबायचं? मला रोज घालायला कामचलाऊ काहीतरी लागतं."

"हं," बूटवाले म्हणाले. "आम्हालाही तेच लागतं."

त्यांनी पुन्हा सुईत दोरा ओवायला घेतला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मावशीला बरं वाटलं असतं, कारण रागाला काय उत्तर द्यायचं हे तिला पाठ होतं. ती बाहेर पडली. घरी येऊन तिने बहिणीला सांगितलं, की म्हातारा अगदी हाताबाहेर गेला आहे आणि लोकांच्या पायांवरून त्यांना टोमणे मारतो.

"काय म्हणाले तुझ्या पायांवरून?"

मावशीने सांगितलं, काही भाग गाळून. बहिणीने गाळलेला भाग बरोबर ओळखला आणि ती इतकी हसली, की तिला खुर्चीत बसावं लागलं. मावशी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. बूट तिने बूटवाल्यांकडून त्यानंतरही शिवून घेतले नाहीत. आता तर मुळीच घेणार नव्हती.

मात्र सुनेचं पान ती रोज उघडून बघायची, दात दुखत असला की जीभ तिथेच जाते तशी. पान अवजड होतं. उघडताना आधी पांढरं फटक दिसायचं, मग एकेक फोटो धापा टाकत यायचा. एका फोटोत सासऱ्यांचं डोकं अर्धं कापलेलं होतं. 'आमच्याविषयी' या मथळ्याखाली दुकानाचा नकाशा होता आणि 'संपर्क' या मथळ्याखाली सासऱ्यांचं बालपण. पण दुकान कधी बंद, ते मात्र रोजच्या रोज बरोबर लिहिलेलं असायचं. ही गोष्ट मावशीच्या नजरेतून सुटली नाही. ती तिने फक्त विचारात घेतली नाही.

आणि एक दिवस तिला मापाचं पान दिसलं. सुनेने मावशीच्या जुन्या पानाचा फोटो काढून तोच नव्या वेबसाइटवर चिकटवला होता. वरची सूचना दिसायला लांबलचक वाटली म्हणून छाटून टाकली होती. आता ती पट्टी म्हणजे एक चित्र होतं. फोनवर लहान व्हायचं, संगणकावर मोठं, आणि छापलं की प्रिंटरच्या मर्जीप्रमाणे. मावशीने ते छापून पाहिलं. दहा सेंटिमीटरची पट्टी बोटभर आखूड उमटली.

तिला काय वाटलं? खरं सांगायचं तर आनंद झाला. तिने तो कागद टेबलावर पसरला, त्यावर आपली पट्टी ठेवली आणि चहा घेतला. फोन करून कळवावं हा विचार तिच्या मनात आला, आणि तिने त्याला बसायलाही सांगितलं नाही.

व्हायचं ते झालं. एका बाईंचा पाय शस्त्रक्रियेनंतर बदलला होता. त्यांनी घरी पान छापलं आणि पाय गिरवला. माणसाचा पाय काही कागदाबरोबर आखूड होत नाही, तेव्हा चित्र बरोबरच आलं असतं. पण त्यांचा हात थरथरायचा, रेघ धड उमटेना, म्हणून त्यांनी छापलेल्या पट्टीवरून आकडे वाचले आणि तेवढेच लिहून पाठवले. बूटवाल्यांनी त्या आकड्यांवर फर्मा तासला आणि बूट शिवले. ते बाईंच्या पायात सैल झाले, इतके की त्या घरातल्या घरात दोनदा पडता पडता वाचल्या. म्हाताऱ्याने उभ्या हयातीत चुकीचा बूट पाठवला नव्हता. सुनेने सांगितलं, की ते दिवसभर हत्यारांना हात न लावता खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

हे सांगायला ती मावशीच्या खोलीत आली होती. पोटुशी होती, जिना चढून दम लागला होता. मावशीने तिला पलंगावर बसायला सांगितलं आणि स्वतः खुर्ची फिरवून समोर बसली, परीक्षक बसतात तशी.

"पट्टी आखूड आहे, हे मला माहीत होतं," मावशी म्हणाली.

सून तिच्याकडे बघत राहिली. "कधीपासून?"

मावशीने टेबलावरचा तो छापलेला कागद पालथा घातला.

"तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही कळवलं नाहीत," सून शांतपणे म्हणाली. "बरं. तुमचं ते मापाचं पान मला परत हवंय. तेवढंच. बाकी माझं माझ्याजवळ राहू दे."

"मी माझं पान त्या उकिरड्यात ठेवणार नाही."

"मग मी दुसऱ्या कोणाकडून करून घेते. येते मी."

ती उठली. जिन्याच्या कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरली असेल, तेव्हा मावशीने हाक मारली. ती माया होती असं नाही. दुसरं कोणीतरी ते पान करणार आणि वाईट करणार, ही कल्पना तिला सहन झाली नाही. "वेगळं ठेवते मी ते. तुझ्या त्या गोंधळातून नुसती एक वाट तिकडे येईल. आणि सूचना राहील. अक्षर न अक्षर."

"राहू द्या," सून म्हणाली. "पण जरा सुटसुटीत लिहा. तुमची सूचना वाचताना मलाच झोप येत होती, म्हणून तर छाटली."

अशी ती वेबसाइट अर्धी सुनेची आणि अर्धी मावशीची झाली. मावशी तिला 'ठिगळ' म्हणायची. पण सून गप्पिष्ट होती, आणि बाजारपेठेत तिने सगळ्यांना सांगितलं, की ओढा-सोडा कुठे अडला तर वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे जा, तोंड वाईट आहे पण काम चोख आहे. मग एकेक येऊ लागले. तलावाच्या मालकिणीचं पोहण्याच्या वर्गाचं वेळापत्रक फोनवर दिसेनासं झालं होतं. कवळीवाल्याचा दात फिरायचा थांबत नव्हता. मावशी प्रत्येकाला आधी पोटभर बोलायची, मग कोड उघडायची, डब्यांच्या आतल्या डब्यात हात घालून नेमकी जागा दुरुस्त करायची. स्वतःची पानं लिहीत असताना नव्हतं इतकं काम तिच्याकडे आलं. ज्याला ती उकिरडा म्हणायची त्याच्यावरच आता तिची रोजीरोटी चालली होती. हे मेहुण्यांनी एकदा जेवताना बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "डॉक्टरलाही रोग आवडत नाही." यावर मेहुण्यांनी वाटी पुढे केली आणि आमटी मागितली.

सून बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली तेव्हा वेबसाइटच्या किल्ल्या मावशीकडे देऊन गेली. मुलगी झाली. बूटवाल्यांनी फोन करून कळवलं, की नात बघायला जायचंय, गुरुवारपर्यंत दुकान बंद, तेवढी ओळ टाका. मावशीने सोमवारची वाट पाहिली नाही. लगेच ओढा-सोडा उघडला. आजवर तिने त्याचं फक्त पोट फाडून पाहिलं होतं. समोरच्या दाराने आत शिरायची ही पहिलीच वेळ.

तिने मजकुराचा डबा उचलला, ओढला, सोडला. डबा नकाशावर जाऊन बसला. पुन्हा ओढला. नकाशाही बरोबर आला. तिने एक गोष्ट सरळ करायला घेतली की दुसरी दोन तिरकी व्हायची. सासऱ्यांचं अर्धं डोकं आता फोन नंबरच्या शेजारी आलं. कोडात हात घालावा, तर या बाजूने कोड दिसायचीच सोय नव्हती, आणि मागच्या दाराची किल्ली सुनेने दिलेल्या किल्ल्यांत नव्हती. दुपार कलली, आणि शेवटी तिने दवाखान्यात फोन लावला.

"डबा निळा झाला का?" सुनेने विचारलं. मागे बाळ रडत होतं.

"झाला."

"आता कोपऱ्यात धरू नका, मधोमध धरा. सावकाश वर न्या. रेघ दिसली की सोडा."

"सोडला."

"कुठे गेला?"

"दिसत नाही."

"मावशी, एक पाऊल मागे घ्या. डावीकडे वर वाकडा बाण आहे, तो दाबा."

मावशीने बाण दाबला. सगळं होतं तसं परत आलं. "मूर्खांसाठी बनवलंय हे," ती म्हणाली.

"हो ना," सून म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी जमलं."

मावशीने पुन्हा डबा उचलला. या वेळी तो रेघेवर बसला. जरासा डावीकडे कलल्यासारखा वाटत होता, पण ओळ स्वच्छ वाचता येत होती. सुनेने आपल्या फोनवर बघून "आलं" असं सांगितलं आणि बाळाला पाजायला घेतलं.

संध्याकाळी बहिणीने विचारलं, "झालं का त्यांचं काम?"

"त्यात काय होतं? माकडालाही जमेल."

"मग दुपारभर वर कोणावर ओरडत होतीस?"

मावशीने ताटं घेतली. बाळाचं वजन किती आहे, सुनेला टाके पडलेत का, हे ती सांगत बसली.